खात्रीच्या कालवडीची सेवा: आर्वी तालुक्यातल्या एका गोठ्यातून अडीच वर्षांचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात गेल्या तीनेक वर्षांपासून एक खासगी पशुपैदास सेवा दारोदार येते. गाईला लिंगविनिश्चित वीर्यमात्रा भरवणे, म्हणजे ज्या कांडीतून बहुतेक वेळा कालवडच जन्मावी अशी मात्रा देणे, आणि उच्च वंशाच्या गाईचे भ्रूण आपल्या गाईच्या गर्भाशयात सोडणे, ही त्यांची दोन मुख्य कामे आहेत. सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण याच धर्तीवर काम करणारी माणसे आता अनेक तालुक्यांत फिरतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांच्या कामाविषयी आहे. माझ्या गोठ्यात सहा संकरित गाई, गवळाऊ या आमच्या भागातल्या देशी जातीच्या दोन गाई आणि एक म्हैस आहे. घरची शेती कोरडवाहू असून कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके आहेत, त्यामुळे महिन्याचा रोख पैसा येतो तो दुधाचाच. ज्या तारखेला जे जनावर भरवले ते मी वहीत लिहून ठेवते आणि हे परीक्षण त्या वहीवरूनच लिहिले आहे.

आधी हिशेब सांगते. अडीच वर्षांत मी या सेवेकडून चौदा लिंगविनिश्चित मात्रा घेतल्या. त्यांतील आठ मात्रा चार तरुण संकरित गाईंना दिल्या आणि त्यांतून पाच गर्भ राहिले. म्हशीला मुऱ्हा जातीच्या रेड्याच्या तीन मात्रा दिल्या, त्यांतली एक लागली. चांदी नावाच्या माझ्या जुन्या गाईला उरलेल्या तीन मात्रा दिल्या आणि त्या तिन्ही वाया गेल्या. सहा गर्भांतून चार कालवडी, एक वगार आणि एक गोऱ्हा जन्मला. भेटीच्या खर्चासह एका मात्रेचे ११०० रुपये धरले तर एकूण १५,४०० रुपये गेले. आमच्याकडच्या बाजारात गाभण संकरित कालवड घ्यायला गेले तर साठ हजारांच्या आत कोणी दावे हातात देत नाही. या तुलनेत सौदा फायद्याचा दिसतो, आणि तरुण गाईंपुरता तो फायद्याचा आहेच. परंतु वहीत न मावणारा खर्चही आहे. गाय उलटली, म्हणजे गर्भ राहिला नाही, की पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस जातात, आणि त्या दिवसांत ढेप आणि कुटार खाणे काही थांबत नाही. चांदीचे असे तीन फेरे झाले, म्हणजे दुधाविना दोन महिने तिला पोसावे लागले.

या कांडीत असते तरी काय, हे सेवेचा माणूस कधी नीट सांगत नाही, आणि ते कळले तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. वळूच्या वीर्यात दोन प्रकारचे शुक्राणू असतात. ज्यातून मादी जन्मते त्या क्ष शुक्राणूत नर जन्मवणाऱ्या य शुक्राणूपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त डीएनए असतो. प्रयोगशाळेत शुक्राणूंना एक रंगद्रव्य देतात आणि एकेका शुक्राणूवर लेसरचा झोत टाकतात. ज्यात डीएनए जास्त तो अधिक चमकतो आणि त्या चमकेवरून यंत्र त्याला वेगळे काढते. फरक इतका बारीक असल्यामुळे निवड शंभर टक्के होत नाही, सुमारे ९० टक्के होते. शिवाय या सगळ्या धकाधकीत शुक्राणू थकतात, आणि किंमत आवाक्यात राहावी म्हणून कांडीत ते भरतातही कमी. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, तर लिंगविनिश्चित कांडीत पुष्कळदा वीसेक लाखच असतात. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण साध्या मात्रेपेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे, आणि ज्या गाईच्या गर्भाशयाची तब्येत उत्तम, जिचा माज नियमित, तिलाच ही मात्रा द्यावी, हा नियमही त्यातूनच येतो.

हा नियम मला चांदीच्या तीन मात्रा वाया गेल्यावर कळला. चांदी पाचव्या वेताची, मागच्या वेळी वार अडकलेली आणि त्यानंतर दोनदा उलटलेली गाय होती. सेवेचा माणूस ती पाहताच म्हणाला, “काकू, हिला महागाची कांडी देऊ, एका फटक्यात काम होईल.” वास्तविक उलटणाऱ्या गाईची आधी तपासणी व्हायला हवी, सोट, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, स्वच्छ आहे की गढूळ हे पाहायला हवे, गरज असेल तर पशुवैद्यकाकडून गर्भाशयाचा उपचार करून घ्यायला हवा आणि मग साध्या मात्रेने भरवायला हवे. नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नेमके हेच केले आणि साध्या मात्रेवर चांदी पहिल्याच खेपेला गाभण राहिली. माझा सर्वांत मोठा आक्षेप या जागी आहे. कोणत्या जनावराला ही मात्रा देऊ नये, हे सांगण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्याची आहे. शेतकरी तर आशेने हो म्हणतोच.

दुसरा आक्षेप हाताळणीचा आहे. वीर्यमात्रा द्रव नत्रात, उणे १९६ अंश तापमानात साठवलेली असते, आणि नत्र हळूहळू उडून जात असल्याने कंटेनर वेळेवर भरत राहावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशाच एका दुपारी सेवेचा माणूस मोटारसायकलवर छोटा कंटेनर बांधून आला. मी त्याला म्हटले, “दादा, आधी पट्टी बुडवून दाखवा.” त्याने नत्राची पातळी मोजायची ती पट्टी आत सोडली, काही क्षणांनी बाहेर काढून हवेत हलवली, आणि तिच्यावर जो पांढरा हिमाचा थर चढला तो जेमतेम दोन बोटे होता. म्हणजे तळाशी उरलेल्या नत्रात कांड्या पुरत्या बुडालेल्याही नव्हत्या. त्यानंतर त्याने कांडी काढण्यासाठी कांड्यांची डबी कंटेनरच्या तोंडापर्यंत वर आणली आणि हवी ती कांडी शोधत ती तशीच धरून ठेवली. शेवटी चुलीवरचे कोमट पाणी स्टीलच्या पेल्यात घेऊन बोटाने अंदाज घेतला आणि कांडी त्यात टाकली. मात्रा वितळवायला ३७ अंशांचे पाणी आणि सुमारे अर्ध्या मिनिटाचा वेळ लागतो, आणि तापमापकाशिवाय हे साधत नाही. त्या दिवशी त्याने दोन जनावरांना मात्रा दिल्या आणि दोन्ही एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर आली. उन्हाळ्यात गाभण राहण्याचे प्रमाण एरवीही घसरते, त्यामुळे सगळा दोष त्या पेल्यालाच देता येणार नाही. पण तो पेला आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी दूरध्वनीवर रीतसर तक्रार केली, आणि इथे सेवेच्या बाजूने एक चांगली गोष्ट लिहिलीच पाहिजे. पंधरा दिवसांत त्या माणसाची बदली झाली आणि त्याच्या जागी पशुवैद्यकीय पदविका झालेली एक तरुण मुलगी येऊ लागली. तिच्या पिशवीत तापमापक आणि थर्मास असतो. कांडी काढताना ती डबी तोंडाच्या खालीच ठेवते आणि चिमट्याने क्षणात कांडी उचलते. मात्रा देण्याआधी कांडीवरचा वळूचा क्रमांक, जात आणि तारीख वाचून दाखवते आणि मला वहीत लिहायला सांगते. गाय सकाळी माजावर आली असेल तर साधी मात्रा संध्याकाळी देतात. ही मात्रा मात्र ती आणखी थोडी उशिरा देते, कारण निवडलेले शुक्राणू गर्भाशयात कमी वेळ टिकतात आणि बीजांड सुटण्याच्या जितके जवळ ते पोचतील तितके बरे. माझ्या वहीतल्या सहा गर्भांपैकी पाच तिच्या हातचे आहेत. सेवा एकच, कांडी एकच, दरही तोच; फरक हातांचा आहे. म्हणून ही सेवा घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पट्टी बुडवून पाहायला आणि तापमापक मागायला सांगते. मागितल्यावर जो रागावतो त्याला परत पाठवावे.

वळूचा क्रमांक लिहून ठेवण्याचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. एकाच वळूच्या कांड्या एका गावात सलग तीनचार वर्षे येत राहिल्या तर बापाची मात्रा त्याच्याच मुलीला भरवली जाते आणि वंशात दोष साचू लागतात. माझ्या दोन कालवडींचा बाप एकच आहे, हे वहीमुळेच कळले. त्या माजावर येतील तेव्हा त्या क्रमांकाची कांडी मी घेणार नाही. सेवेच्या मोबाइलवरील नोंदीत मात्र एका गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक दुसरीच्या नावावर चढला होता आणि तो दुरुस्त व्हायला चार महिने लागले.

आता गोऱ्ह्याविषयी. सेवेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत “खात्रीशीर कालवड” असे छापले आहे. गोऱ्हा झाल्यावर मी कार्यालयात विचारले तेव्हा गाय बाहेर चरताना एखाद्या सांडाने फळवली असेल, असे उत्तर मिळाले. माझ्या गाई गोठ्याबाहेर जात नाहीत. दहांत एक नर हा या तंत्राचाच हिशेब आहे आणि सहांत एक होणे त्यात सहज बसते. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते आणि माझ्या गाईवर आळ घेण्यासारखे तर मुळीच नव्हते. पत्रकावर खात्रीशीरऐवजी दहांत नऊ असे छापले तरी शेतकरी ही मात्रा घेतील, कारण त्यामागची निकड खरी आहे. शेतातल्या मशागतीची बरीच कामे ट्रॅक्टरने उरकली जातात. २०१५ पासून राज्यात गोवंशातील नरांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे संकरित गोऱ्हा कोणी विकत घेत नाही आणि शेतकऱ्याला पोसवत नाही. रस्त्यांवर फिरणारी ती मोकाट वासरे कुठून येतात हे गोठा राखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गोऱ्हा जन्मालाच न येणे हा त्यावरचा मला दिसणारा सर्वांत सौम्य उपाय आहे आणि या तंत्राचे माझ्या लेखी हेच सर्वांत मोठे मोल आहे. आमचा गोऱ्हा आम्ही ठेवला आहे. गेल्या पोळ्याला माझ्या सासूबाईंनी त्याच्याही शिंगांच्या कोंभांना हिंगूळ लावला आणि पुरणपोळीचा घास दिला.

भ्रूण प्रत्यारोपणाचा अनुभव वेगळा आहे आणि तो सविस्तर सांगावा असा आहे. सेवेच्या प्रयोगशाळेत उच्च वंशाच्या गाईची बीजांडे सुईने काढतात, निवडलेल्या वळूच्या वीर्याने ती शरीराबाहेर फळवतात, सात दिवस वाढवतात आणि मग ते भ्रूण दुसऱ्या साध्या गाईच्या गर्भाशयात ठेवतात. ठेवताना त्या गाईच्या माजाला सात दिवस झालेले असावे लागतात, म्हणजे तिचे गर्भाशय आणि ते भ्रूण एकाच वयाचे होतात. त्यासाठी इंजेक्शने देऊन माज जुळवून आणतात. मी मैना नावाच्या संकरित कालवडीची निवड केली, कारण ती अंगाने भरलेली होती आणि तिच्या माजात कधी खंड पडला नव्हता. पहिले भ्रूण राहिले नाही. दुसरे राहिले. गर्भ तपासून निश्चित झाल्यावर १८,००० रुपये द्यायचे ठरले होते आणि तसेच दिले. इंजेक्शनांचे दीड हजार रुपये मात्र दोन्ही वेळा आधीच घेतले आणि ते परत मिळत नाहीत, हे पावती हातात पडल्यावर कळले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली अशा निश्चित गर्भामागे ५००० रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. ते या सेवेला लागू होते का, असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा उत्तर मिळाले नाही.

जानेवारीतल्या एका पहाटे मैना व्याली. थंडी इतकी होती की गोठ्यात कुटाराचा जाड थर अंथरून मी पोती चुलीजवळ गरम करून ठेवली होती. आधी पुढचे दोन खूर दिसले, मग त्यांवर टेकलेले नाक. थोडा जोर लावताच वासरू अलगद पोत्यावर आले. मैना काळीपांढरी आहे. वासरू तांबडे होते, कपाळ घुमटासारखे फुगीर आणि कान केळीच्या कोवळ्या पानासारखे लांब, टोकाशी वळलेले. तो गीर वंश होता आणि कालवड होती. नाळेला आयोडीन लावून होईपर्यंत मैनेने तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढले. सासूबाई कंदील धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “मंग हे वासरू आपल्या मैनाचं नाही होय?” मी म्हटले, “आई, रक्त हिचं नाही, पण नऊ महिने पोटात वाढवलं ते हिनंच आणि चीकही हीच पाजणार.” त्यावर त्या म्हणाल्या, “चाटून राह्यली ना, मंग हिचंच हाय.” मला यापेक्षा बरे उत्तर सुचले नसते.

गावात मात्र या वासराचे नाव “क्लोन” पडले आहे, आणि त्याला सेवेचे पत्रकच कारणीभूत आहे. त्यात भ्रूणाच्या चित्राखाली “क्लोन तंत्राने तुमच्या गोठ्यात गीर” असे छापले आहे. हे सरळसरळ चुकीचे आहे. मैनेच्या वासराला एक आई आहे आणि एक बाप आहे. त्या दोघांचे बीज बाहेर एकत्र आले, इतकेच. क्लोनमध्ये बाप नसतो. एका जनावराच्या अंगातली पेशी घेतात, दुसऱ्या गाईच्या बीजांडातले केंद्रक काढून टाकतात, त्या रिकाम्या बीजांडाशी ती पेशी जोडतात आणि वाढलेले भ्रूण तिसऱ्या गाईच्या पोटात ठेवतात. जन्मणारे वासरू पहिल्या जनावराची अनुवांशिक प्रत असते. एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली मेंढी अशीच होती आणि तिच्यासाठी २७७ बीजांडांवर हा खटाटोप करावा लागला होता. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने हे काम केले. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथे म्हशीचे पहिले क्लोन पारडू जन्मले, ते काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली आणि दोन वर्षे जगली. २०१० मध्ये जन्मलेली दुसरी गरिमा मोठी होऊन जानेवारी २०१३ मध्ये व्याली, तिच्या पारडीचे नाव महिमा. १६ मार्च २०२३ रोजी तिथेच गंगा नावाची गीर कालवड जन्मली. गीर गाईच्या शेपटीजवळची पेशी, साहिवालचे बीजांड आणि वाढवणारी गाय संकरित, असा तिचा जन्म आहे. ही कामगिरी अभिमानाची आहे, पण ती संशोधन संस्थेच्या आवारातली आहे. तिचे नाव वापरून गावोगाव भ्रूण विकणे म्हणजे शेतकऱ्याला अंधारात ठेवणे होय. सेवेने ते पत्रक ताबडतोब बदलावे, अशी माझी लेखी मागणी आहे.

त्याच पत्रकाच्या शेवटच्या पानावर, पुढे जनुक बदललेल्या, ऊन सोसणाऱ्या गाईही मिळतील, असे सुचवले आहे. या विषयाची जी वस्तुस्थिती मला ठाऊक आहे ती अशी. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुक संपादन करून आखूड, गुळगुळीत केस दिलेल्या मांसासाठीच्या दोन जनावरांचा आणि त्यांच्या वंशाचा धोका कमी आहे असे ठरवले. आखूड केसांमुळे उष्णतेचा ताण कमी होतो. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल जातीत हा गुण निसर्गतःच असतो. दुसरीकडे, त्याच देशात बिनशिंगी गाईंसाठी केलेल्या जनुक संपादनात जिवाणूच्या डीएनएचा तुकडा नको असताना शिरलेला २०१९ मध्ये सापडला, आणि तो त्या प्रशासनाच्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढला. म्हणजे या तंत्रात शक्ती आहे आणि तितकीच बारीक तपासणीही लागते. दारोदारच्या पत्रकात छापण्याजोगा हा माल नाही.

हे वाचताना मला राहून राहून माझ्या दोन गवळाऊ आठवतात. पांढऱ्या, आखूड केसांच्या, हलक्या बांध्याच्या या गाई आमच्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्याच. मेच्या दुपारी संकरित गाई जिभा बाहेर काढून धापा टाकतात तेव्हा या लिंबाखाली उभ्या राहून निवांत रवंथ करतात. गवळाऊचे बैल धावण्यासाठी नावाजलेले आहेत. दूध मात्र कमी, एका वेताला सरासरी ६०० किलोंच्या आसपास, आणि म्हणून ती गोठ्यातून हटत चालली आहे. ऊन सोसणारे जनावर ज्यांना प्रयोगशाळेत घडवावे लागते त्यांनी ते खुशाल घडवावे, आमच्या दावणीला ते बांधलेलेच आहे. त्याचे दूध वाढवायला निवडलेले वळू आणि त्यांच्या लिंगविनिश्चित मात्रा हव्यात. या सेवेच्या कंटेनरमध्ये होल्स्टिन, जर्सी, गीर, साहिवाल आणि मुऱ्हा आहेत, गवळाऊ नाही. म्हशींत आमची लांब शिंगांची नागपुरीही नाही. मागणी नाही, असे कारण मला दिले गेले. मी स्वतः तीन वेळा मागणी केली आहे, मग मागणी नाही असे कसे म्हणता येईल?

आणखी एक उणीव आहे आणि ती या संपूर्ण तंत्राच्या मर्यादेशी जोडलेली आहे. लिंगविनिश्चित मात्रेने कालवड मिळते. ती दुधाळ निघेल की नाही, हे ती कांडी सांगत नाही. वाईट वळूची कांडी निवडून घेतली तर वाईट कालवडी फक्त भराभर होतील. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या विदर्भातच, वाशिमला, पंतप्रधानांच्या हस्ते लिंगविनिश्चित वीर्याचे देशी तंत्र सुरू झाले आणि त्यामुळे मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असे सांगण्यात आले. त्याच कार्यक्रमात गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप या जनुकीय चाचण्याही आल्या. त्यांच्या आधारे जनावराचा डीएनए तपासून ते पुढे कसे निघेल याचा लहान वयातच अंदाज घेता येतो. माझ्या पावतीवरचा ११०० चा आकडा अजून हललेला नाही. वळूची निवड कोणत्या आधारावर झाली, त्याच्या आईचे दूध किती, याचा कागदही ही सेवा मागितल्याशिवाय देत नाही. नवीन मुलीने मात्र माझ्यासाठी तो दोनदा मिळवून दिला.

एकंदरीत, ज्यांच्याकडे पहिल्या ते तिसऱ्या वेताच्या निरोगी संकरित गाई आहेत आणि जे माजाकडे बारकाईने लक्ष देतात, त्यांनी ही मात्रा अवश्य घ्यावी, असे मी म्हणेन. उलटणाऱ्या गाईला घेऊ नये आणि एप्रिल ते जून या काळातही घेऊ नये. म्हशीचा मूक, म्हणजे बाहेरून फारसा न दिसणारा माज ओळखता येत नसेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत. माझ्या तीनपैकी दोन मात्रा तशाच गेल्या. भ्रूणासाठी घाई करू नये. एका गीर कालवडीला मला इंजेक्शनांसह २१,००० रुपये आणि एक वर्ष लागले. ती आता खुट्याभोवती उड्या मारते आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण दुसरे भ्रूण मी इतक्यात घेणार नाही.

माझी मोठी गवळाऊ गौरी परवा सकाळी माजावर आली. नवीन मुलीला मी निरोप पाठवला नाही, कारण तिच्या कंटेनरमध्ये गौरीसाठी काही नाही. संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून गवळाऊची साधी मात्रा आणून भरवली. वळूचा क्रमांक वहीत लिहिला आहे. गाभण राहिली आणि कालवड झाली तर उत्तम. गोऱ्हा झाला तर तो संकरित गोऱ्ह्यासारखा निरुपयोगी ठरणार नाही, शेजारचे दोन शेतकरी आतापासूनच त्याच्यासाठी सांगून गेले आहेत.